निःशेष तात्या

कुठलाही आकडा कानावर पडला की तात्या क्षणभर गप्प होतात. समोरच्याला वाटतं, यांना कमी ऐकू येतंय. तसं काही नसतं. आत फोडाफोड चाललेली असते. रिक्षावाला "बहात्तर रुपये" म्हणाला की तात्यांचा चेहरा खुलतो. रिक्षावाला बावरतो, कारण भाडं ऐकून खुललेला चेहरा त्यानं डोंबिवलीत पूर्वी पाहिलेला नसतो. ७२ ला १२ विभाजक आहेत हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? ७३ झाले असते तर मात्र तात्यांनी हुज्जत घातली असती. रुपयासाठी नव्हे. ७३ ही मूळ संख्या. एकानं आणि स्वतःनं, एवढ्या दोघांनीच भाग जाणारी. "असल्या माणूसघाण्या आकड्याला मी पैसे देत नाही," असं त्यांनी एका रिक्षावाल्याला खरोखरच ऐकवलं होतं. त्यानं मुकाट्यानं रुपया सोडला आणि स्टँडवरच्या बाकीच्यांनाही सावध करून ठेवलं.

तात्या एका पतपेढीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर माणसं यात्रा करतात, कुंड्यांत कोथिंबीर लावतात, नाहीतर नातेवाइकांना रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवतात. तात्यांनी भागाकार घेतला. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान पाचवी-सहावीच्या गणितातल्या एका धड्यात मावतं: दिलेल्या संख्येचे विभाजक मोजून संपतात, विभाज्य मोजून संपत नाहीत. मुलं हे मार्कांपुरतं पाठ करतात आणि मे महिन्यात विसरतात. तात्या त्यावर जगतात.

"बाराचे विभाजक घे," ते मला सांगतात. "एक, दोन, तीन, चार, सहा, बारा. झालं. खाली रेघ मारायची, चहा घ्यायचा. आता बाराचे विभाज्य घे. बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस... यात चहा कधी घ्यायचा?"

प्रश्न बिनतोड आहे. विभाजकांत सर्वांत मोठा म्हणजे ती संख्या स्वतः, त्यामुळे तिच्यापलीकडे शोधायलाच नको. विभाज्यांत तीच सर्वांत लहान, आणि पुढे अडवायला कोणी नाही. ज्याला शेवट आहे तेवढंच तात्यांना सोसतं. ते मालिका बघत नाहीत, 'क्रमशः' छापलेलं काही वाचत नाहीत आणि भजनात बुवांनी तीच ओळ पुन्हा धरली की चपला शोधायला लागतात. घराच्या कर्जाचे हप्ते मात्र त्यांनी वीस वर्षं हसतमुखानं भरले. हप्ते होते २४० आणि २४० चे विभाजक २०. बँकेतल्या बाईंना असा कर्जदार पुन्हा भेटला नसेल. लोकलला बाराऐवजी पंधरा डबे लागले तेव्हा सगळं स्टेशन खूश होतं, एकटे तात्या हळहळत होते: "बाराला सहा विभाजक, पंधराला चार. डबे वाढवले आणि विभाजक घालवले."

ही धास्ती लहानपणची आहे. तात्या पाढ्यांच्या काळात वाढले. दिवेलागणीला परवचा: बे एके बे पासून तीस दाही तीनशेपर्यंत, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. पाढा दाहीवर थांबतो, म्हणजे विभाज्यही दाहीवर थांबतात, अशी त्यांची निरागस समजूत होती. सातांचे विभाज्य दहा, बारांचे दहा, कोणाशीच पक्षपात नाही. मग एकदा मास्तरांनी विचारलं, "सात अकरा?" तात्यांनी सत्त्याहत्तर सांगितले. "सात बारा?" चौऱ्याऐंशी. (सातबाऱ्यावरून त्या घराच्या कोर्टात आधीच तारखा चालू होत्या, पण ते प्रकरण वेगळं.) "सात तेरा? सात चौदा? सात पंधरा?" तात्यांच्या लक्षात आलं की मास्तर दमले तरी सात दमणार नाही. त्या रात्री त्यांना ताप भरला. आईनं मीठ-मोहऱ्या उतरवल्या, त्याही मोजून सात वेळा.

दुसरा घाव १ एप्रिल १९५७ चा. त्या दिवशी दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि देशाचा हिशेब सोपा झाला. तात्यांच्या मते देशानं पाच विभाजक गमावले. जुन्या रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२ चे विभाजक १४, शंभरचे फक्त ९. त्यांत ३ नाही, ६ नाही, ८ सुद्धा नाही. "तिघा भावांत रुपया कसा वाटशील?" ते विचारतात, आणि उत्तराची वाट न बघता आजोबांच्या चोपडीवर येतात. दिवाळीला आजोबा तिघा नातवांच्या नावे मिळून एक रुपया मांडत: प्रत्येकी ५ आणे ४ पै. पै हे नाणं तोवर चलनातून गेलेलं होतं, पण चोपडीत ती अजून जिवंत होती आणि तिच्या जोरावर वाटणी निःशेष सुटायची. नवे पैसे आल्यावर प्रत्येकी ३३ आणि उरला एक. तो थोरल्यानं घेतला. "पण माझे बरोबर किती?" असं छोट्या तात्यांनी विचारलं तेव्हा आजोबांनी पाटीवर भागून दाखवलं: ३३.३३३३... पाटी संपली, तीन संपले नाहीत. म्हणजे वाटणीच्या बाजूनंसुद्धा ते न संपणारं प्रकरण घरात शिरलंच. थोरले बंधू आता न्यू जर्सीला असतात. दर रविवारी फोन करतात, प्रकृतीची चौकशी करतात. पैशाचा विषय काढत नाहीत.

सोन्याचंही तेच झालं. जुन्या तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा, म्हणजे ९६ गुंजा आणि १२ विभाजक. हल्लीचा तोळा १० ग्रॅमचा. सोनारानं "दहा ग्रॅम" म्हटलं की तात्या "चारच?" म्हणतात, आणि सोनार दचकून पुन्हा वजन करतो.

तात्यांकडे लाल बांधणीची लांबट चोपडी आहे. एका संख्येला एक पान. वर संख्या, खाली तिचे विभाजक, मग दुहेरी रेघ आणि बारीक सही. ही दुहेरी रेघ ओढताना तात्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसतं ते पंगतीला तिसऱ्यांदा वाढलेल्या मठ्ठ्यानंतरही इतरांच्या चेहऱ्यावर दिसत नाही. विभाजक शोधायची त्यांची पद्धत वधूवर सूचक मंडळाची आहे. विभाजक एकेकटे येत नाहीत, जोडीनं येतात. ६० घ्या: एकाला साठ, दोनाला तीस, तिनाला वीस, चाराला पंधरा, पाचाला बारा, सहाला दहा. साताला स्थळ मिळत नाही. आठापासून पुढे हिंडायचंच नाही, कारण आठ आठे चौसष्ट, साठ ओलांडले. पलीकडे जे कोणी लग्नाळू असतील त्यांची लग्नं अलीकडे आधीच लागून गेलेली असतात. सगळं मंडळ सात जणांच्या चौकशीत बंद होतं. ३६ सारख्या वर्गसंख्येत मात्र मधला ६ उरतो आणि स्वतःलाच माळ घालतो, म्हणून वर्गसंख्येच्या विभाजकांची मोजदाद नेहमी विषम भरते. वर्गसंख्यांविषयी तात्या घरात मुलांसमोर फारसं बोलत नाहीत.

त्यांच्या देवघराशेजारी एक यादी चिकटवलेली आहे: २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२०, १८०, २४०, ३६०... आपल्याहून लहान अशा प्रत्येकीपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या या संख्या. रामानुजननं १९१५ साली त्यांच्यावर भला मोठा निबंध लिहिला, आणि त्यातल्या लांबलचक कोष्टकात एक संख्या गाळली: २,९३,३१,८६,२५,६००. ही गोष्ट कळल्यावर दुसऱ्या कोणाचा विश्वास डळमळला असता. तात्यांचा दुणावला. "हातानं केलेली यादी आहे रे," ते गहिवरून म्हणाले. "आमच्या पतपेढीत असाच एक बाई-लोकांच्या आवर्त ठेवींचा ताळेबंद मी..." पण ती गोष्ट लांब आहे.

यादीशेजारी कात्रणातून कापलेला फोटो आहे तो देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा. लोक त्यांना ६१७४ साठी ओळखतात; तात्यांचा जीव त्यांच्या हर्षद संख्यांवर. आपल्याच अंकांच्या बेरजेनं जिला निःशेष भाग जातो ती हर्षद. त्यामुळे सकाळी तात्या पार्किंगमध्ये नंबरप्लेटी वाचत उभे असतात. दुसऱ्या मजल्यावरच्या मुलानं घेतलेल्या स्कूटरचा नंबर निघाला १७२९. एक, सात, दोन, नऊ, बेरीज १९, आणि एकोणीस एक्क्याण्णव बरोबर सतराशे एकोणतीस. तात्यांनी त्या मुलाला जिन्यातच मिठी मारली. मुलाला वाटलं, पीयूसी संपल्याचं सांगतायत.

आता मुख्य दुःखाकडे येतो. आमच्या इमारतीत घरं १६ व्हायची होती. चार मजले, मजल्यावर चार. सोळाचे विभाजक पाच, सगळे एका वळणाचे, दुप्पट-दुप्पट होत गेलेले; तात्यांनी घर पसंत केलं ते यावर. पाणी येतं का, हे काकूंनी विचारलं. बिल्डरनं जाता जाता तळमजल्यावरची पार्किंगची जागा चार भिंती घालून विकून टाकली आणि घरं झाली सतरा. मूळ संख्या. बाकीचे रहिवासी बिल्डरवर चिडले ते जागा गेली म्हणून; तात्या चिडले ते विभाजक गेले म्हणून. तेव्हापासून या इमारतीत काहीही नीट वाटलं गेलेलं नाही.

एका मे महिन्यात सगळ्यांनी मिळून देवगडहून हापूस मागवायचा ठरलं. पाच डझनांची पेटी, म्हणजे ६० आंबे. तात्यांनी पेटीला नमस्कार केला. पण ६० आंबे १७ घरांत: प्रत्येकी ३, उरले ९. मग दोन पेट्या घेऊन बघितल्या. १२० आंबे, प्रत्येकी ७, उरला १. त्या एका आंब्यावर सभा भरली. कोणी चिठ्ठ्या टाकू म्हणालं, कोणी लिलाव. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, वॉचमनला द्या की तो." टाळ्या पडल्या. तात्यांनी हात वर केला. "वॉचमनला धरलं तर वाटेकरी अठरा. प्रत्येकी सहा आणि बाकी बारा." टाळ्या थांबल्या.

रात्रभर बसून त्यांनी लसावि काढला. ६० आणि १७ यांना एकाखेरीज सामाईक विभाजक नाही. अशा जोडीचा लसावि म्हणजे सरळ गुणाकार, १०२०. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर तात्यांच्या मोत्यासारख्या अक्षरात निवेदन होतं: १७ पेट्या मागवाव्यात, प्रत्येक घरास ६० आंबे, बाकी शून्य.

खजिनदारानं ते दोनदा वाचलं. "तात्या, म्हणजे ज्यानं त्यानं आपली पेटी आणायची."

"निःशेष," तात्या म्हणाले. ते नाव तेव्हापासून चिकटलं.

पुढे नातीच्या मोबाइलवर त्यांना कुठून तरी प्लेटो सापडला. 'लॉज' या संवादात आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबांचा आकडा सुचवलेला आहे आणि कारण अगदी तात्यांच्या तोंडचं: या संख्येचे विभाजक ६०, एकापासून दहापर्यंत प्रत्येकानं भाग जातो, कर वाटा, सैन्य वाटा, जमिनी वाटा. बारासुद्धा चालतो. अडतो तो फक्त अकरा. आणि त्यावरही तोडगा दिलेला आहे, दोन घरं वगळा, ५०३८ ला अकरानं भाग जातो. अथेन्सच्या या माणसाला आपल्या सोसायटीचं दुखणं कळलं होतं, याचं तात्यांना भरून आलं. पुढच्या सर्वसाधारण सभेत आयत्या वेळच्या विषयांत ते उभे राहिले. "जवळजवळ चोवीसशे वर्षांपूर्वी दोन घरं वगळायची सोय होती. आपल्याला एकच वगळायचंय."

सतरा नंबरच्या वहिनी दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या.

वहिनींना राग आला नाही. त्यांना राग येत नाही, ऑर्डर येते. त्या मसाले, लोणची, दिवाळीचा फराळ असं करतात आणि त्यांचं सगळं आयुष्य पटींत चालतं. किलोची चकली विचारली तर दोन किलो घ्या म्हणतात, दोन घेतली तर चार किलोवर डबा फुकट. "तात्या, तुम्ही भागत बसा, मी गुणते," एवढंच त्या म्हणाल्या आणि सभेनंतर त्यांनी तात्यांनाच एका साखळी योजनेचं पत्रक दिलं. तुम्ही फक्त दोघांना आणायचं, ते दोघे आणखी दोघादोघांना आणतात, ते चौघे पुन्हा दोघादोघांना.

"आणि शेवटचे?" तात्यांनी विचारलं.

"शेवटचे कोण? हे चालूच राहतं!"

'चालूच राहतं' हे ऐकून तात्यांना सात पंधरा आठवले असावेत. रात्री चोपडी निघाली. दोनाचे चार, चाराचे आठ, आठाचे सोळा. दहाव्या पायरीला १०२४, विसाव्याला दहा लाखांच्या वर, तेहतिसाव्याला ८५९ कोटी. सकाळी दुधाच्या पिशव्या अजून दारातच होत्या तेव्हा त्यांनी सतरा नंबरची बेल वाजवली. "वहिनी, आकडे चालू राहतात, माणसं राहत नाहीत. तेहतिसाव्या पायरीला जगातली माणसं संपतात."

वहिनी जांभई देत म्हणाल्या, "मला चौथ्या पायरीलाच फ्रीज मिळतो, तात्या."

तेहतीसशी तात्यांचं वैर तसं जुनंच. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी रीतीप्रमाणे जावयाला ३३ अनारसे दिले. ताटलीत अनारसे, अनारशांवर दिवा, सगळं साग्रसंगीत. घरात माणसं चार. आठ-आठ वाटून एक उरला. तात्यांनी सासूबाईंना सरळ विचारलं, "बत्तीस का नाहीत?" माजघरात शांतता पसरली. मग सासूबाई म्हणाल्या, "उरलेला देवापुढे ठेवा." बाकीची इतक्या सहज विल्हेवाट लावलेली तात्यांनी आयुष्यात प्रथम पाहिली. काकूंचं माहेरच तसं आहे. कुणी तरी उरेल म्हणून तिकडे वाटणी अडत नाही. देव असतो, गाय असते, कामवाल्या मावशी असतात, काही नाही तर शेजारची मुलं असतात. हा गुण काकूंनी सासरी आणला आणि त्याच्यामुळेच या घरात आजवर माणसं जेवली आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आहेराच्या पाकिटावरून मात्र दोघांचं अजूनही वाजतं. शंभरावर एक, पाचशेवर एक ही आपली पद्धत तात्यांना हिंसा वाटते. शंभरचे ९ विभाजक, १०१ मूळ. पाचशेचे १२, ५०१ चे ४. "एका रुपयानं किती जीव घेता!" म्हणून ते स्वतः ३६० रुपयांचा आहेर करतात. दोनशे, शंभर, पन्नास आणि दहाची नोट. २४ विभाजक. एका लग्नात नवरदेवानं स्टेजवर विचारलं, "काका, तीनशे साठच का?" तात्या मायेनं म्हणाले, "पुढेमागे वाटणी करायची वेळ आलीच, तर सोपं जाईल." व्याह्यांनी ऐकलं. तेव्हापासून काकू पाकीट स्वतः घेतात आणि तात्यांची पाठ फिरली की आत एक रुपया सारतात. ३६१ म्हणजे एकोणीस गुणिले एकोणीस, विभाजक तीन. एकवीस विभाजकांचा असा खून झाल्याचं तात्यांना अजून कळलेलं नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

पत्त्यांत मात्र ते सगळ्यांना हवेसे असतात. मेंढीकोटाला सहा जण जमले की बाकीचे पानं मोजत बसायच्या आत तात्या चार दुर्र्या काढून बाजूला ठेवतात. बावन्नाचे ४८ झाले, प्रत्येकी आठ. त्यांना डावात रस नसतो. पानं वाटून झाली, हातात काही उरलं नाही की ते उठतात आणि गॅलरीत जाऊन उभे राहतात. त्यांचा भिडू ओरडत असतो.

असा हा माणूस नातीच्या एका प्रश्नानं आडवा झाला. नात सहावीत. मसावि-लसाविची चाचणी होती आणि शिकवायला अर्थात आजोबा. विभाजक संपतात, विभाज्य संपत नाहीत, रेघ, चहा, सगळं रीतसर झालं. नातीनं पेन्सिल चावत विचारलं, "आजोबा, शून्याचे विभाजक किती?"

तात्या हसले. "शून्याला कुठले विभाजक?"

"सातानं शून्याला भाग जातो का?"

"जातो. साती शून्य शून्य, बाकी शून्य."

"म्हणजे सात हा विभाजक."

"हं."

"आठ?"

"तोही."

"एक हजार सत्तावीस?"

तात्या बोलले नाहीत. मी समोरच बसलो होतो. त्यांच्या कपाळावर मला सात तेरा, सात चौदा चढताना दिसत होते. शाळेच्या पुस्तकाची यात चूक नाही. तिथे विभाजक-विभाज्यांची गोष्ट १, २, ३ अशा मोजसंख्यांपुरती सांगतात, शून्याला त्या धड्यात घेतच नाहीत. तात्यांनी मग भास्कराचार्यांना हाक मारून पाहिली. चाळीसगावजवळ पाटणला आचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, १२०७ साली कोरवलेला लेख आहे, तो ते मुद्दाम बघून आलेले. "आचार्यांनी शून्यानं भागलेल्या राशीला खहर म्हटलंय, अनंताच्या पंक्तीला बसवलंय," ते म्हणाले. पण ते शून्यानं भागणं झालं, आणि शाळेत त्याला सरळ मनाई आहे. इथे शून्याला भागायचं होतं आणि शून्याची कशालाच हरकत नव्हती. येईल तो विभाजक चालत होता.

"आता विभाज्य," नात म्हणाली. "शून्य एके शून्य, शून्य दुणे शून्य, शून्य त्रिक शून्य... एकच आहे हो आजोबा! संपला. घ्या चहा."

तात्यांनी चहा घेतला नाही. चोपडीत शून्याचं पान कोरं होतं. त्यांनी वर ० लिहिलं आणि खाली विभाजक मांडायला घेतले. १, २, ३, ४. पान भरल्यावर खाली 'कृ. मा. प.' लिहिलं आणि उलटलं. मागचं पान भरलं. पुन्हा 'कृ. मा. प.' दुहेरी रेघ मारायला जागा मिळेना. चोपडी संपल्यावर दूधवाल्याच्या हिशेबाची वही घेतली, तेव्हा काकूंनी हातातलं पेन काढून घेतलं. विभाजकांची बाजू आपली, सुरक्षित, कुंपण घातलेली, असं जन्मभर धरून चालल्यावर एका भोपळ्यानं दोन्ही बाजूंची अदलाबदल करावी, हे फार होतं. चार दिवस ते रिक्षात बसले नाहीत.

मग गणपती आले आणि गेले. उत्सवाच्या हिशेबाची सभा म्हणजे दर वर्षीचं रडगाणं. गेल्या वर्षी हजार रुपये उरले होते: घरटी ५८, बाकी १४, आणि त्या चौदा रुपयांवर रात्री साडेअकरापर्यंत भाषणं झाली होती. या वर्षी खजिनदार कागद हातात घेऊन उभा राहिला आणि चाचरत म्हणाला, "जमा आणि खर्च बरोबर जुळले. शिल्लक शून्य."

नेहमीप्रमाणे कोणी तरी "असं कसं?" म्हणायच्या आत तात्या उभे राहिले. चेहरा बहात्तर रुपयांच्या रिक्षेसारखा खुललेला.

"शिल्लक शून्य," ते म्हणाले. "सतरा घरं. प्रत्येकी शून्य. बाकी शून्य."

सभा त्यांच्याकडे बघत राहिली.

"वॉचमनला धरलं तरी चालतं. अठरा झाले तरी बाकी शून्य. शेजारच्या इमारतीतले तेवीस फ्लॅट धरा, समोरची चाळ धरा, आख्खी डोंबिवली धरा. कुणालाही वगळायला नको." हे वाक्य ते सतरा नंबरकडे बघून म्हणाले आणि वहिनींनी ते गोड मानून घेतलं.

"मग पुढच्या वर्षी शिल्लक दुप्पट करू, तात्या," वहिनी म्हणाल्या.

"करा ना," तात्या म्हणाले. "दुप्पट करा, चौपट करा, हवी तेवढी पट करा. माझी आता काही हरकत नाही."

हिशेब एकमतानं मंजूर झाला. इमारतीच्या इतिहासात हे प्रथमच. तिसऱ्या मजल्यावरच्यांनी फक्त, आपल्या वाट्याला आलेल्या रकमेची सही-शिक्क्याची पावती मिळावी, अशी सूचना मांडली, आणि तात्या पावतीपुस्तक आणायला घरी गेले.